जुनी गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर बॅटरीचं काय करायचं

आमच्याकडे १९८४ची प्रीमियर पद्मिनी आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली, वडिलांनी नंबर लावून घेतलेली. जून लागला की तिच्यावर कव्हर पडतं ते दसऱ्याला निघतं. मधले चार महिने ती पार्किंगमध्ये एका जागी उभी असते. अशी गाडी सांभाळणारे आता पुष्कळ भेटतात. कुणी आजोबांची अँबॅसेडर गावाहून आणलेली असते, कुणी हौसेनं जुनी जीप घेतलेली असते, तर कुणी सहा महिने अमेरिकेला मुलीकडे जाणार असतं आणि गाडीची किल्ली शेजाऱ्यांकडे देऊन निघतं. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो : तोवर बॅटरी उतरू नये म्हणून काय करू?

आणि बहुतेकांना एकच सल्ला मिळतो, "आठवड्यातून एकदा सेल्फ मारून दहा मिनिटं चालू ठेवत जा." सल्ला आपुलकीचा असतो, पण जुन्या गाडीला तो बाधतो. का बाधतो ते आधी सांगतो, कारण ते कळलं की पुढची प्रत्येक पायरी आपोआप पटत जाते.

दहा मिनिटांचा हिशेब

इंजिनाच्या जोरावर फिरून वीज बनवणारं आणि बॅटरी भरणारं यंत्र आजच्या गाड्यांत अल्टरनेटर असतं. जुन्या पद्मिनी, अँबॅसेडर, जीप अशा गाड्यांना अल्टरनेटर नसायचा, त्याच कामाचा डायनॅमो असायचा. पुष्कळांनी नंतर अल्टरनेटर बसवून घेतला, पण मूळ अवस्थेतल्या गाडीत आजही डायनॅमोच सापडतो. डायनॅमोची खोड अशी की इंजिन नुसतं गुरगुरत असताना तो बॅटरीला जवळजवळ काहीच देत नाही. म्हणून तर गाडी उभ्या उभ्या चालू असताना डॅशबोर्डवरचा लाल दिवा मिणमिणतो. तो दिवा सांगत असतो की आत्ता बॅटरीतून जातंय, बॅटरीत येत नाही.

आता आकडे मांडू. थंड इंजिनाला सेल्फ मारताना दीडशेच्या आसपास अँपिअर खेचले जातात. पाच सेकंद मारला तर ०.२ अँपिअर-अवर गेले (एक अँपिअर तासभर वाहिला की एक अँपिअर-अवर, बॅटरीची क्षमता यातच मोजतात). दोन-तीन वेळा मारावा लागला, आणि उभ्या गाडीला तो लागतोच, तर अर्धा. त्यानंतर दहा मिनिटं इंजिन चालू असताना प्लगच्या ठिणगीसाठी लागणारी इग्निशन कॉइल साधारण तीन अँपिअर घेत राहते, म्हणजे आणखी अर्धा. दर आठवड्याला एक अँपिअर-अवर गेला. पावसाळ्याचे सोळा आठवडे धरले तर सोळा. माझी बॅटरी ३५ अँपिअर-अवरची आहे. म्हणजे गाडीची काळजी घेण्याच्या नादात मी निम्मी बॅटरी रिकामी करणार. बॅटरी नुसती बसूनही थोडी थोडी उतरत असते, ते वेगळंच.

सायलेन्सरचं नुकसान होतं ते आणखी निराळं. पेट्रोल जळताना पाणी तयार होतं. इंजिन नीट तापलं आणि गाडी रस्त्यावर धावली की ते वाफ होऊन निघून जातं. दहा मिनिटांत सायलेन्सर तेवढा तापत नाही, पाणी आतच बसतं आणि पत्रा आतून सडतो.

गाडी चालू करायचीच असेल तर बाहेर काढा आणि वीस-पंचवीस किलोमीटर फिरवून आणा. ते जमणार नसेल तर तिला मुळीच चालू करू नका. बॅटरी काढा, पूर्ण भरा, घरात ठेवा आणि महिन्यातून एकदा बघा. लेखाचं सार एवढंच आहे, आता ते करायचं कसं ते पाहू.

भरलेली का ठेवायची

शिसे आणि आम्लाची बॅटरी गास्तों प्लांते या फ्रेंच संशोधकानं १८५९ साली बनवली, आणि आपल्या गाडीत बसते ती मुळात तीच. १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात. प्रत्येक सेलमध्ये शिशाच्या प्लेटा सौम्य सल्फ्युरिक आम्लात बुडालेल्या असतात. बॅटरी उतरते तेव्हा आम्लातलं सल्फेट प्लेटांवर येऊन बसतं, चार्ज करताना ते परत आम्लात जातं. हा येण्याजाण्याचा खेळ वर्षानुवर्षं चालू शकतो. पण बॅटरी उतरलेल्या अवस्थेत आठवडेच्या आठवडे पडून राहिली तर प्लेटांवरचं मऊ सल्फेट कडक होतं. त्याचे मोठे खडे बनतात आणि मग चार्जिंगला ते दाद देत नाहीत. बॅटरीवाले यालाच "सल्फेट पकडलं" म्हणतात. बॅटरी वापरून झिजते ती हळूहळू, उपाशी ठेवली तर एका पावसाळ्यात जाते.

उष्णतेनं हे सगळं वेगानं होतं. ढोबळ हिशेब असा की तापमान दर दहा अंशांनी वाढलं की बसल्या जागी उतरण्याचा वेग दुप्पट होतो. त्यामुळे नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली उभी असलेली गाडी आणि महाबळेश्वरला उभी असलेली गाडी यांना एकच वेळापत्रक लावून चालणार नाही. थंड प्रदेशांतल्या लोकांनी लिहिलेल्या सूचनांमध्ये बॅटरी गोठण्याची भीती फार असते. आपला शत्रू ऊन आहे.

काय काय लागेल

एक डिजिटल मल्टीमीटर, तीन-चारशे रुपयांचा चालतो. बॅटरीला वरून उघडणारी बुचं असतील तर एक हायड्रोमीटर, म्हणजे रबरी फुग्याची ती काचेची नळी, बॅटरीच्या कुठल्याही दुकानात मिळते. दहा नंबरचा आणि तेरा नंबरचा पाना. डिस्टिल्ड वॉटरची बाटली. खायचा सोडा, जुना टूथब्रश, व्हॅसलीन. डोळ्यांना चष्मा आणि हातात रबरी मोजे. अंगात जुना शर्ट घाला. आम्लाचा थेंब उडाला तर त्या क्षणी काही दिसत नाही, पण पुढच्या धुण्याला सुती कापडाला भोक पडलेलं दिसतं.

आणि एक चार्जर. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहितो, कारण लोकांचे पैसे तिथेच चुकतात.

काढताना

आधी अंगठी, कडं, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ, बांगड्या उतरवून ठेवा. पाना आणि अंगठी मिळून दोन टर्मिनलांमध्ये जोड झाला तर अंगठी लाल होते आणि बोट भाजतं. बॅटरीत किती ताकद असते याचा अंदाज १२ व्होल्ट या आकड्यावरून येत नाही.

मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा, कुठली वायर कुठे होती तो. मग बघा, कुठलं टर्मिनल जाड वायरनं गाडीच्या बॉडीला जोडलंय. ते आधी सोडायचं. पद्मिनीत ते मायनस असतं. कारण साधं आहे. प्लस आधी सोडायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला तर सरळ शॉर्ट होतो. मायनस आधी सुटलेलं असेल तर प्लस सोडताना पाना बॉडीला कुठेही टेकला तरी काही होत नाही. लावताना याच्या उलट : आधी प्लस, सगळ्यात शेवटी मायनस.

नट सैल केल्यावर क्लॅम्प निघत नसेल तर पक्कडीनं पिरगळू नका आणि खालून स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका. टर्मिनल शिशाचं असतं, शिसं मऊ, आणि ते आत प्लेटांना जोडलेलं असतं. पिरगळलं की आतला जोड तुटतो आणि बाहेरून काहीच कळत नाही. कोमट सोड्याचं पाणी थोडं थोडं ओता, पाच मिनिटं थांबा, क्लॅम्पची फट किंचित रुंद करा. हातानं डावी-उजवीकडे हलवत वर उचलला की येतो.

बॅटरी दहा-अकरा किलोची असते. सरळ उभी उचला, अंगापासून लांब धरा, तिरकी करू नका.

बॅटरी निघाली की लगेच खालचा ट्रे बघा. हे मी आवर्जून सांगतो, त्यामागे एक दुखरी आठवण आहे. काही वर्षांपूर्वी मी पावसाळ्याआधी बॅटरी एका दुकानात चार्जिंगला दिली होती. तिथल्या मुलानं आधी सहाही सेल पाण्यानं काठोकाठ भरले आणि मग चार्जिंगला लावली. चार्ज होताना आतला द्रव फुगतो, बुडबुडे येतात. तो बुचांच्या भोकांतून वर आला. मी ती तशीच आणून गाडीत बसवली आणि बोनेट लावलं. दसऱ्याला उघडून बॅटरी उचलली तर ट्रेवरचा रंग फोडासारखा फुगून आलेला. बोटानं दाबला, आणि खालचा पत्रा भिजलेल्या बिस्किटासारखा मोडला. आम्ल शेजारच्या मडगार्डच्या आतल्या अंगापर्यंत ओघळलं होतं.

बॅटरी उद्या बाजारात नवी मिळेल. तो पत्रा आता कंपनीतून येत नाही. कारागिरानं हातानं ठोकून दिला, चांगला दिला, पण मूळ पत्रा गेला तो गेलाच. तेव्हापासून लांब मुक्कामाला बॅटरी गाडीत ठेवायची नाही, हा आमच्या घरचा नियम आहे.

ट्रेवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी भुकटी दिसली तर पाव लिटर कोमट पाण्यात दोन चमचे सोडा घालून ओता. फसफसतं. फसफसणं थांबेपर्यंत ओतत राहा, मग साध्या पाण्यानं धुवा, पूर्ण कोरडं करा आणि रंग उडाला असेल तिथे प्रायमर मारून ठेवा. बॅटरीचा वरचा भागही ओल्या फडक्यानं पुसा. धूळ आणि आम्लाचा ओलसर थर दोन टर्मिनलांमध्ये असेल तर त्यातूनही थोडी थोडी वीज वाहत राहते. एक काळजी मात्र घ्या, सोड्याचा थेंबही बुचांतून आत जाऊ देऊ नका. आतलं आम्ल मारलं गेलं की तो सेल खराब होतो.

किती भरली आहे ते कसं ओळखायचं

बॅटरी काढून रात्रभर तशीच ठेवा आणि सकाळी मीटर लावा. चार्जिंगहून किंवा गाडी चालवून आल्या आल्या मोजलं तर आकडा फुगलेला दिसतो.

सकाळी १२.६ ते १२.७ व्होल्ट दिसले तर बॅटरी भरलेली आहे. सील केलेल्या मेंटेनन्स-फ्री बॅटरीत १२.८ पर्यंतही दिसतो. १२.४ म्हणजे साधारण पाऊण. १२.२ म्हणजे निम्मी. १२ म्हणजे चतुर्थांश उरली. नवख्या माणसाला वाटतं, १२ व्होल्टची बॅटरी आहे, १२ दाखवतेय, मग ठीकच आहे की. ठीक नाही. माझी रेषा १२.४ची आहे. त्याखाली गेली की त्याच दिवशी चार्जिंगला.

बुचंवाल्या बॅटरीचं खरं दुखणं हायड्रोमीटर सांगतो. बुच काढा, फुगा दाबून नळी आत घाला, हळूच सोडा. द्रव वर येतो आणि आतला तरंगा मोकळा तरंगू लागतो. डोळा त्या पातळीला आणून आकडा वाचा. पूर्ण भरलेल्या बॅटरीत १.२४० ते १.२६० च्या दरम्यान ग्रॅव्हिटी, म्हणजे आतला द्रव पाण्याच्या किती पट जड आहे तो आकडा, यायला हवी. पण आकड्यापेक्षा सहा सेलांमधला सारखेपणा महत्त्वाचा. गेल्या वर्षी एका स्नेह्यांच्या अँबॅसेडरची बॅटरी तपासली, पाच सेल १.२४० आणि तिसरा १.१५०. तरंगा तिथे पार खाली गेला. मीटरवर बॅटरी "चालेल" अशीच दिसत होती. एका सेलचा फरक इतरांपेक्षा ०.०५० हून जास्त असेल आणि पूर्ण चार्जनंतरही तसाच राहिला तर तो सेल संपत आलेला असतो. अशी बॅटरी चार महिने सांभाळण्यात अर्थ नाही.

प्रत्येक सेलचा आकडा वहीत लिहा. नळीत आलेला द्रव ज्या सेलमधून घेतला त्याच सेलमध्ये परत सोडा.

पाणी

प्लेटा उघड्या पडल्या असतील तर चार्ज करण्याआधी त्या जेमतेम बुडतील एवढंच डिस्टिल्ड वॉटर घाला. पुरी पातळी चार्ज झाल्यानंतर, खुणेपर्यंत. खूण नसेल तर प्लेटांच्या वर साधारण एक सेंटिमीटर. माझ्या ट्रेचं जे झालं ते हा क्रम उलटा केल्यामुळे झालं.

आरओचं पाणी चालत नाही, त्यात क्षार उरतातच. एसीच्या नळीतून गळणारं पाणी डिस्टिल्डसारखंच असतं असं खूप जण सांगतात, पण ते कॉइलवरची धूळ आणि धातू घेऊन येतं. पन्नास रुपयांच्या बाटलीसाठी हा धोका घेऊ नका. आणि आम्ल कधीही वाढवू नका. बॅटरीतून उडून जातं ते पाणी, आम्ल आतच असतं. "ग्रॅव्हिटी कमी आहे, थोडं अ‍ॅसिड टाकू" असं कुणी म्हणालं तर नम्रपणे नको म्हणा.

चार्जिंग

नियम सोपा आहे : बॅटरीच्या क्षमतेचा दहावा भाग. ३५ अँपिअर-अवरची असेल तर साडेतीन अँपिअर. निम्मी उतरलेली बॅटरी या वेगानं सहा-सात तासांत भरते. त्याहून हळू भरलीत तर आणखी चांगलं. "दोन तासांत भरून देतो" म्हणणाऱ्या ठिकाणी मोठा प्रवाह सोडतात, बॅटरी तापते, प्लेटा वाकतात. रस्त्यात अडकलेल्या माणसाला ते करावं लागतं. आपली गाडी चार महिने उभी राहणार आहे, आपल्याला कसली घाई?

चार्जर तीन प्रकारचे दिसतात. जुना ट्रान्सफॉर्मरवाला, ज्याला थांबायचं कळत नाही. तो बॅटरी भरल्यावरही ढकलत राहतो, १५ व्होल्टच्या वर जातो आणि पाणी उकळवून टाकतो. तो वापरायचा तर तुम्ही घरात असताना, दर दोन तासांनी बघत. दुसरा स्मार्ट चार्जर. हा १४.४ व्होल्टच्या आसपास नेऊन बॅटरी भरतो आणि मग आपण होऊन १३.५ च्या जवळ येऊन नुसती भरलेली राखतो. दोन ते पाच हजारांत बरा मिळतो. जुनी गाडी ठेवणाऱ्यानं हा घ्यावाच. तिसरा म्हणजे घरचा इन्व्हर्टर. तो चार्जर म्हणून वापरू नका. तो शंभर-दीडशे अँपिअर-अवरच्या बॅटरीसाठी बनवलेला असतो, दहा-पंधरा अँपिअर सहज सोडतो. गाडीच्या छोट्या बॅटरीला तो मारा झेपत नाही.

लावताना लाल चिमटा प्लसला, काळा मायनसला, आणि मगच भिंतीवरचा स्विच. काढताना आधी स्विच बंद, मग चिमटे. हा क्रम ठिणगी टाळण्यासाठी आहे. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि हवेत चार टक्के झाला तरी तो पेट घेऊ शकतो. त्यामुळे चार्जिंग स्वयंपाकघरात नको, गॅस गीझरजवळ नको, देवघराच्या बाजूला तर नकोच, तिथे निरांजन लागतं. खिडकी उघडी असलेली गच्चीची खोली किंवा झाकलेली बाल्कनी उत्तम. बुचं पूर्ण काढून ठेवायची गरज नाही, पण बुचांमधली बारीक भोकं मोकळी आहेत ना ते बघा.

मध्येच हात लावून पाहा. कोमट लागली तर ठीक. चटका बसण्याइतकी गरम झाली तर चार्जर बंद करा, निवू द्या, मग कमी प्रवाहावर लावा. अंगावर आम्ल उडालं तर दुसरं काही न करता भरपूर पाण्यानं धुवा. डोळ्यात गेलं तर पंधरा मिनिटं धुवा आणि सरळ डॉक्टरांकडे जा.

ठेवायची कुठे

घरातली सर्वांत थंड, कोरडी, हवेशीर जागा. मुलांचा हात पोचणार नाही अशी. सिमेंटच्या फरशीवर ठेवली की बॅटरी उतरते असं तुम्हाला दहा जण सांगतील. लाकडी आणि रबरी पेट्यांच्या काळात त्यात तथ्य होतं, ओल झिरपायची. आजच्या प्लॅस्टिकच्या पेटीला फरशीनं काही होत नाही. तरीही मी खाली एक फळी घालतो, कारण एखादा थेंब गळला तर फरशी खराब होते. टर्मिनलांना व्हॅसलीनचा पातळ हात द्या.

मग कॅलेंडरवर खूण करा. आमच्याकडे संकष्टीला बॅटरी बघायची असं ठरलंय. महिन्यातून एकदा येते, घरात कुणी ना कुणी आठवण करतंच. मीटर लावायचा, वहीत तारीख आणि व्होल्ट लिहायचे, १२.४ च्या जवळ आली असेल तर रात्रभर स्मार्ट चार्जरवर. बुचंवाली असेल तर पाण्यावर एक नजर. सगळं मिळून पाच मिनिटांचं काम. दोन-तीन पावसाळ्यांच्या नोंदी झाल्या की वहीच बोलू लागते. पूर्वी महिन्याला ०.१ उतरणारी बॅटरी आता ०.३ उतरायला लागली, तर पुढच्या वर्षी नवी घ्यायची हे तुम्हाला आधीच कळतं.

घरी कुणीच नसेल तर

सहा महिन्यांसाठी घर बंद करून जाणाऱ्यांनी शक्यतो चार्जर लावून जाऊ नये असं माझं मत आहे. रिकाम्या घरात विजेवर सहा महिने चालू असलेली वस्तू आणि शेजारी वायू सोडणारी बॅटरी, ही जोडी मला पटत नाही. शिवाय काही चार्जर वीज जाऊन आली की आपोआप सुरू होत नाहीत, बटण दाबावं लागतं. तुमचा कसा आहे ते भिंतीवरचा स्विच बंद-चालू करून आत्ताच बघून घ्या.

बॅटरी सील केलेली, तरुण आणि पूर्ण भरलेली असेल तर थंड जागी सुटी ठेवून सहा महिने निघतात, पण काठावर. बुचंवाली एवढी टिकत नाही, ती जास्त वेगानं उतरते. सगळ्यात चांगला उपाय माणसाचा : बॅटरी आणि चार्जर दोन्ही एखाद्या नातेवाइकाकडे किंवा ओळखीच्या बॅटरीवाल्याकडे ठेवा, आणि महिन्याला मीटरचा फोटो पाठवायला सांगा.

काढणं शक्यच नसेल तर

कुणाला वजन उचलत नाही, कुणाची गाडी दुसऱ्या गावी असते. मग निदान मायनसची वायर सोडा, किंवा ट्रकला असतो तसा कट-ऑफ स्विच मायनसवर बसवून घ्या. मूळ पद्मिनीत बंद गाडीत वीज खाणारं फारसं काही नसतं. खातात त्या नंतर बसवलेल्या गोष्टी : स्टिरिओ, अलार्म, जीपीएस. ५० मिलिअँपिअर म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण दिवसाला ते १.२ अँपिअर-अवर होतात आणि महिन्याला ३६. माझी अख्खी बॅटरी.

गाडीत चोरटा खर्च आहे का ते पाहायला सगळं बंद करून मायनसची वायर सोडा आणि वायर व टर्मिनल यांच्यामध्ये मीटर १० अँपिअरच्या जागेवर लावा. दारं बंद हवीत, नाहीतर आतला दिवाच मोजला जाईल. मीटर लावलेला असताना सेल्फ मारू नका, मीटर जळेल.

सहा व्होल्ट आणि उलटं अर्थिंग

गाडी साठच्या दशकातली किंवा त्याआधीची असेल तर चार्जर विकत घेण्याआधी बोनेट उघडून बघा. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपला ६ व्होल्टची बॅटरी असायची, साठच्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या बऱ्याच बीटलनाही. तिथे वरचे व्होल्टचे सगळे आकडे निम्मे धरा, म्हणजे भरलेली बॅटरी साधारण ६.३, आणि चार्जरही ६ व्होल्टचाच हवा. मॉरिस मायनरसारख्या त्या काळातल्या ब्रिटिश गाड्यांमध्ये प्लस बॉडीला जोडलेला असतो. तिथे प्लस आधी सोडायचा आणि शेवटी लावायचा. बाहेर काढलेल्या बॅटरीला चार्जर मात्र नेहमीसारखाच, लाल प्लसला.

मेली असेल तर

रात्रभर चार्ज करूनही सकाळी साडेदहा व्होल्टच दिसत असतील तर बहुधा एक सेल गेलेला आहे. पाच सेलांचाच आकडा दिसतोय. चूर्ण, पावडर, मिठाचे उपाय करू नका. ११.८-१२ वर काही आठवडे राहिलेली असेल तर एक-दीड अँपिअरवर दीड दिवस लावून एक संधी द्या, काही वेळा उठते. नाही उठली तर नवी घेताना जुनी त्याच दुकानात परत करा. २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती अधिकृत पुनर्वापराकडे जायला हवी. भंगारात गेलेली बॅटरी उघड्यावर फोडतात, शिसं मातीत आणि त्या फोडणाऱ्या माणसाच्या रक्तात जातं.

परत बसवताना

आदल्या रात्री पूर्ण चार्ज करा. सकाळी टर्मिनल आणि क्लॅम्पच्या आतला भाग पॉलिश पेपरनं घासून चकचकीत करा. ट्रे कोरडा आहे ना पाहा, बॅटरी बसवून पट्टी आवळा. हलणारी बॅटरी खड्ड्यांत आतून तुटते. प्लस आधी, मायनस शेवटी. लावण्याआधी फोटोशी ताडून पाहा, कारण उलटी लागली तर अल्टरनेटरचे डायोड त्याच क्षणी जातात.

चार महिन्यांत कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल उडून गेलेलं असतं. तुमच्या पेट्रोल पंपाला हातानं दाबायची कळ असेल तर आधी ती दाबून पेट्रोल वर आणा, म्हणजे ते काम सेल्फला करावं लागणार नाही. सेल्फ पाच-सहा सेकंदांहून जास्त मारू नका आणि दोन वेळांमध्ये अर्धा मिनिट थांबा.

गाडी चालू झाली की मीटर बॅटरीला लावा आणि कुणाला तरी ॲक्सिलरेटर थोडा दाबायला सांगा. १३.८ ते १४.४ दिसले पाहिजेत. डायनॅमो असेल तर गुरगुरत्या इंजिनावर हा आकडा येणार नाही, लाल दिवा विझेपर्यंत इंजिन वाढवून मग वाचा. १३.२ च्या वर जातच नसेल तर चार्जिंग होत नाहीये, डायनॅमोचे ब्रश, कटआऊट (डायनॅमो आणि बॅटरी यांना जोडणारा-तोडणारा स्विच), पट्टा तपासायला हवा. १४.८ च्या वर जात असेल तर व्होल्ट आवरून धरणारा रेग्युलेटर बिघडलाय, आणि इतकी सांभाळलेली बॅटरी तो दोन महिन्यांत उकळून टाकेल. आकडा बरोबर असेल तर बोनेट लावा आणि त्याच दिवशी गाडी निदान वीस किलोमीटर फिरवून आणा.